तुम्हाला ‘अगं’ म्हणणारं कोण उरलंय?

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. १९ वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी सुरू केलेली संस्था आता मी एकटीच चालवते. ३८ कार्यकर्ते आहेत, दोन तालुक्यांत काम आहे. गेलं वर्षभर सकाळी ऑफिसला निघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कार्यकर्त्यांवर खेकसते. ज्या बायकांसाठी काम सुरू केलं त्याच गाऱ्हाणं घेऊन दारात दिसल्या की मनात येतं, ‘आल्या परत’, आणि मग स्वतःची लाज वाटते. थायरॉइड तपासला, ठीक आहे. मे महिन्यात आठ दिवस कोकणात जाऊन आले, परत आल्यावर तिसऱ्या दिवशी जैसे थे. जानेवारीत सीएसआरचा (कंपनीकडून सामाजिक कामासाठी मिळणाऱ्या पैशाचा) हप्ता लांबला तेव्हा पगारासाठी स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवल्या, हे कुणालाच माहीत नाही. दिवसभर माणसांच्या गराड्यात असते, पण बोलायला कुणी नाही. संस्था सोडू का? — एक ताई

उत्तर :

ताई, राजीनामा आज लिहू नका. लिहून झाला असेल तर ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावा. सोडायचं की नाही याकडे पुढे येतेच, पण सध्या तो प्रश्न तुमचा थकवा विचारतोय आणि थकव्याला दोनच उत्तरं सुचतात : सगळं सोडा, नाहीतर असंच रेटा. मी पहिलं उत्तर निवडलं होतं. त्याचं काय झालं तेही सांगते.

आधी तब्येत. थायरॉइड बघितलंत हे बरं केलंत. हिमोग्लोबिन आणि बी-१२ राहिलं असेल तर तेही करून घ्या. आणि ४७ हे वय विसरू नका. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत झोप मोडते, चिडचिड वाढते, उगाच धडधडतं. बायका ते सगळं कामाच्या खात्यावर मांडतात आणि डॉक्टरही पुष्कळदा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मोकळे होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा सरळ विचारा. मग घरी येऊन स्वतःला एक प्रश्न विचारा : कामाबाहेरचं काही अजून गोड लागतं का? ऑफिसचं नाव काढलं की जीव नकोसा होतो, पण भाचीबरोबर पत्ते खेळताना हसू येतं, असं असेल तर हा बहुतेक कामाचाच शिणवटा आहे. कशातच रस उरला नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, ‘जगून तरी काय करायचं’ असं मनात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत आणि तिथे माझं हे उत्तर पुरं पडणार नाही; मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. तालुक्याला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याच कार्यकर्त्यांनी तो गावोगाव अंगणवाडीच्या भिंतींवर चिकटवला असेल. संस्थाचालक मात्र तो स्वतः फिरवत नाहीत, असा माझा अनुभव.

आता ‘आल्या परत’कडे येऊ, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने येणारी अवस्था, असं म्हटलं. त्याच्या खुणा तीन दिल्या : अंगातली शक्ती आटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमचं ‘आल्या परत’ ही यातली दुसरी खूण आहे. तापात अंग गरम लागतं तशी ती लागते. गंमत म्हणजे (गंमत कसली) हा शब्द मानसशास्त्रात आला तोच तुमच्याआमच्यासारख्यांवरून. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथली पोरं-पोरी, सेवेच्या ओढीने आलेली, काही महिन्यांत कशी कोरडी, चिडकी होत जातात ते त्यांनी बघितलं, स्वतःवरही अनुभवलं आणि १९७४ मध्ये लिहिलं. बँकेतला कारकून किंवा कारखान्यातला मॅनेजर त्यात नंतर आला. पहिला आला तो मनापासून काम करणारा.

मराठीत याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे : विटणं. लुगड्याचा रंग विटतो तसं मन विटतं. रंग विटतो तो वापराने आणि उन्हाने. त्यात लुगड्याची काही चूक नसते.

कोकणाने फरक का पडला नाही? एक तर मला खात्री आहे की फोन बरोबर होता. पण समजा नसता, तरी आठ दिवसांत जे फिटतं ते आठ-पंधरा दिवसांचं देणं. तुमचं देणं जुनं आहे. मी बीड भागात बरीच वर्षं काढली, तिथला शब्द वापरते : उचल. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी पैसे उचलतं, मग दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ते फेडतं. पुष्कळदा हंगाम संपतो आणि उचल अंगावर राहते. मग पुढच्या हंगामाची नवी उचल त्यावर चढते. तुम्ही बहुधा पाच-सात वर्षं पुढच्या वर्षाच्या ताकदीवर उचल घेत आला आहात. लॉकडाऊनमध्ये धान्यवाटप केलं असेल, त्याची विश्रांती कधी घेतलीत? मला लिहिणाऱ्या दहापैकी आठ जणांचा हिशोब तिथेच अडकलेला असतो.

आणि तरी नुसता थकवा असता तर मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहिलं नसतं. थकवा मोठ्या रजेने उतरतो. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य उतरत नाही.

माणसांच्या गराड्यात बोलायला कुणी का नाही, ते एकेकाचं तोंड डोळ्यांसमोर आणून बघा. कार्यकर्त्यांना ‘मी दमलेय’ म्हणालात तर त्यांच्या मनात पहिला विचार येणार पगाराचा. खजिनदारांना सांगितलंत तर ते हिशोब मागतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे. देणगीदार कंपनीच्या प्रतिनिधी बाई कितीही गोड बोलू देत, त्यांच्या हातात पुढचा हप्ता आहे. नवऱ्याला सांगायचं, तर त्याच्या मनात १९ वर्षांचं काहीतरी साठलेलं आहे. तो ‘मग सोड ना’ म्हणणार, आणि त्या तीन शब्दांत तुमची काळजी किती आणि जुना राग किती हे तुम्हाला लगेच ऐकू येणार. आईला सांगून तिची झोप कशाला घालवायची. राहिले दुसऱ्या संस्थांचे प्रमुख. त्यांना सगळं कळेल, पण त्यांनीही त्याच कंपनीकडे प्रस्ताव टाकलेला असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळेजण फक्त उद्घाटनाचे फोटो टाकतात.

यातलं कुणीही वाईट नाही. पण प्रत्येकाचं तुमच्या बोलण्यात काहीतरी गुंतलेलं आहे. तुम्ही उच्चारलेल्या शब्दाचा परिणाम होतो, म्हणून तुम्ही शब्द मोजून काढता, आणि दिवसभर शब्द मोजणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन अचानक मोकळा होत नाही. पद वाढतं तसं हे वाढत जातं. साखर कारखान्याचे चेअरमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, एमआयडीसीत ४० कामगारांचं वर्कशॉप चालवणारे गृहस्थ असे सगळे माझ्याकडे आलेत; गाऱ्हाणी वेगळी असतात, पण हे एक सगळ्यांकडे सापडतं.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते. तुम्हाला ‘अगं’ म्हणणारं कोण उरलंय? आपल्या क्षेत्रात तर वयाची तिशी ओलांडली की तुमची ताई होते. पंचावन्नचे सरपंचही ताई म्हणतात, कलेक्टरही ताई, स्टेजवरचा निवेदक तर ‘आदरणीय ताई’. पुरुषांचं दादा, भाऊ, नाहीतर सर. कानाला बरं वाटतं. पण ‘ताई’ला कुणी ‘अगं, हे काय केलंस’ म्हणत नाही, ‘अगं, जेवलीस का’ही म्हणत नाही. सही करताना तुम्ही स्वतःही ‘एक ताई’च लिहिलंय.

माझं सांगते. २००१ ते २०१२ या काळात मी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवत होते. आईबाप कारखान्याला गेले की मुलं गावातच राहावीत, शाळा बुडू नये, एवढ्यासाठी. शेवटी शेवटी तीन वसतिगृहं आणि १४० मुलं होती. २०११ च्या जानेवारीत एकाच आठवड्यात माझे तीन चेक परत आले. पैसे होते, सही जुळत नव्हती. मी तावातावाने बँकेत गेले. मॅनेजर नवीनच बदलून आलेले होते. त्यांनी काही न बोलता नमुना सहीचं जुनं कार्ड काढलं आणि चेकशेजारी ठेवलं. कार्डावरची माझी सही टपोरी होती, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ. चेकवर मुंगी चालत गेल्यासारखं काहीतरी होतं. रेघ तर नव्हतीच. ते म्हणाले, “मॅडम, बरं नाही का?”

मी तिथेच रडले. काउंटरवर, मागे रांग असताना. त्या माणसाचं माझ्यात काहीही गुंतलेलं नव्हतं, म्हणून त्याला दिसलं आणि म्हणून तो विचारू शकला.

तिथून मी एसटी धरून अंबाजोगाईला कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेले. तिने दार उघडून “अगं येडे, काय अवतार केलायस” म्हटलं आणि चार दिवस मला झोपू दिलं. परत आले ती निर्णय घेऊनच. पुढच्या हंगामात पंधरा दिवसांत कागद दुसऱ्यांच्या हवाली केले आणि बाहेर पडले. वाटलं, सुटले. पुढच्या वर्षी तीनपैकी दोन वसतिगृहं बंद पडली. त्या मुलांतली काही आईबापांबरोबर फडावर गेली. म्हणून म्हणते, राजीनामा आज लिहू नका.

हे झाल्यावर दोन-तीन वर्षांनी आमचे एक जुने कार्यकर्ते भेटले. स्वतः ऊसतोडीतून वर आलेले, माझ्यापेक्षा वयाने मोठे. चहा पिता पिता म्हणाले, “ताई, पैसे संपलेत हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही. आम्ही उचलीवर जगलेली माणसं. पैसे नसणं आम्हाला कळत नाही होय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना वाचवत होते असं मला वाटत होतं. त्यांना ते अविश्वासासारखं लागलं होतं.

आता तुमच्या पाटल्या. एकटेपणाचा निम्मा भाग गुपितांचा असतो आणि हे तुमचं सगळ्यात जड गुपित आहे, म्हणून सुरुवात इथून करा. भावनेचं राहू द्या, आधी व्यवहार. ते पैसे संस्थेच्या खात्यात कसे दाखवलेत? तुमची देणगी म्हणून, उसने म्हणून, की रोखीने परस्पर पगार वाटलेत? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टला विश्वस्तांनी कर्ज घ्यायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणजे चांगल्या मनाने केलेली ही गोष्ट ऑडिटमध्ये तुमच्यावरच उलटू शकते. या आठवड्यात सीएंना भेटा, तारखेसह सांगा, पुस्तकात ते रीतसर कसं आणायचं ते विचारा. मग विश्वस्तांच्या बैठकीत तो विषय क्रमांक एक ठेवा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात नको.

कसं बोलायचं? मी लोकांना आधी मोठ्याने म्हणून बघायला लावते. बहुतेकजण सुरुवात करतात, “तसं काही काळजीचं कारण नाही, पण...” आणि तिथेच सगळं वाया जातं. असं म्हणून बघा : “जानेवारीत पगाराला पैसे नव्हते. मी माझे दागिने गहाण ठेवून ते भागवले आणि तुम्हाला सांगितलं नाही. न सांगणं चूक होती. पुन्हा तीन महिन्यांचा पगार हाताशी नसेल तर मला एकटीला निर्णय घ्यायचा नाहीये. आज आपण ठरवू.” एवढंच. समजावत बसू नका. थोडी शांतता पसरेल, कुणीतरी पाण्याचा ग्लास सरकवेल, कुणीतरी रागावेलही. रागावू द्या. विश्वस्त हे वर्षातून दोनदा सही करायला आणि एकदा जेवायला येणारे पाहुणे झाले असतील, तर त्यांना तसं होऊ देण्यात तुमचाही थोडा हात आहे.

कार्यकर्त्यांपैकी सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते. जुन्या तिघा-चौघांना मात्र दर महिन्याला बँकेतली शिल्लक कळली पाहिजे. अगदी आकड्यात. ‘जरा ओढाताण आहे’ ऐकून माणूस घाबरतो. ‘दोन महिने दहा दिवस पुरेल एवढं आहे’ ऐकून तो कामाला लागतो.

एक गोष्ट मला तुमच्याशी जरा वाद घालून सांगायची आहे. तुम्ही पत्रभर स्वतःत दोष शोधलाय : मी खेकसते, मला लाज वाटते. थोडा दोष कामाच्या घडणीत शोधा. १९ वर्षांपूर्वी तुम्ही जे काम पत्करलं ते आज तुमच्याकडे आहे का? मागच्या महिन्यात गावात किती दिवस गेलात, ते डायरी काढून मोजा. मी हे करायला लावते तेव्हा लोक ‘आठवड्यातून दोनदा तरी’ म्हणतात आणि डायरीत महिन्याचे दोन निघतात. उरलेले दिवस कागदात गेलेले असतात, आणि तो कागद तुम्ही हौसेने वाढवलेला नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने आलं, पैसा आला, पण तो बहुतेक वर्षावर्षाच्या बोलीने आला. प्रत्येक हप्त्याला विनियोग प्रमाणपत्र, प्रत्येक तिमाहीला फोटो. २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला : प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या सावलीत चालणाऱ्या कितीतरी लहान संस्था त्या एका कलमाने उघड्यावर पडल्या. २०२१ पासून आयकर सवलतीची १२-ए आणि ८०-जीची नोंदणी एकदा घेतली की कायमची, असं राहिलं नाही. हे नियम बरे की वाईट हा वेगळा विषय. त्यातल्या काहींची गरज होती असंही मला वाटतं. पण यातून एक झालं : संस्थाप्रमुखाचं काम माणसांमधून उठून पोर्टलवर गेलं. तुम्ही गावात बसून बळ मिळवणाऱ्या बाई. तुमची विहीरच दुसऱ्या गावाला गेली आणि तुम्ही स्वतःला विचारताय की मला तहान का लागते.

त्यात आणखी एक. कंपनी पैसे देते प्रकल्पाला. प्रकल्पात शिक्षिकेचा, पर्यवेक्षकाचा पगार बसतो, प्रमुखाचा बसवताना सगळ्यांचा हात आखडतो. मग तुम्हीच म्हणता, ‘माझं राहू द्या’. शेवटचा पूर्ण पगार कधी घेतलात? त्यागाचं सदर असं काही ताळेबंदात नसतं. तुमच्यानंतर कुणी या पदावर यायला तयार होत नाही, त्याचं एक साधं कारण हेच असतं.

मग करायचं काय? आठवड्याचा एक दिवस गावात, आणि त्या दिवशी ना बैठक, ना पाहणी, ना फोटो. ज्या बाईच्या ओट्यावर पहिल्या वर्षी बसत होतात तिच्याच ओट्यावर जाऊन बसा. पहिल्या दोन वेळा वेळ वाया गेल्यासारखं वाटेल. कागदासाठी माणूस नेमा. पूर्णवेळ परवडत नसेल तर दोन संस्थांनी मिळून एक हिशोबनीस ठेवा, माझ्या ओळखीच्या दोघींनी ते करून बघितलंय आणि भांडण न होता चालू आहे. चेकवरच्या दोन सह्यांपैकी एक तुमचीच हवी असं नसतं. बँकेत ठराव देऊन तिसऱ्या माणसाला अधिकार द्या, म्हणजे कुठल्याही दोघांच्या सह्या चालतील. (कपाटात सह्या करून ठेवलेले कोरे चेक असतील. असतातच. ते फाडा.)

आणि रजा. आठ दिवसांची नको, सहा आठवड्यांची घ्या. पण आज नाही, तीन महिन्यांनी, तयारी करून. जाण्याआधी संस्थेचं सिमकार्ड ऑफिसमधल्या फोनमध्ये घालून ठेवा. जे काम तुमच्यावाचून अडेल त्याची यादी तिथली माणसं करतील. परत आल्यावर ती यादी हीच तुमच्या पुढच्या वर्षाची कामं. पहिला आठवडा फार वाईट जातो, हे आधीच सांगते. मनात येतं, कुणाला माझी गरजच नाही. दुसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागते.

सोडायचं का, हे त्यानंतर विचारा. तेव्हाही उत्तर ‘हो’ आलं तर ते चांगलं उत्तर आहे. संस्था म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. सुनंदा अवचटांनी अनिल अवचटांबरोबर १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या, आणि व्यसनातून सुटू पाहणारी माणसं आजही त्या दारातून आत जातात. हे आपोआप होत नाही. वर्ष-दीड वर्ष धरा, नव्या माणसाला देणगीदारांसमोर तुमच्याशेजारी बसवा, मग समोर बसवा, मग एकटं पाठवा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जातो. मनातल्या चेंज रिपोर्टला जास्त वेळ लागतो. आणि निरोपसमारंभात मिळालेली शाल वापरात आणा. माझ्याकडे सत्ताविसाव्या शालीनंतर मी वसतिगृहातल्या मुलांना पांघरायला वाटून टाकल्या, सत्काराचा तेवढा एक उपयोग मला झाला.

आता ज्यासाठी तुम्ही खरं लिहिलंत ते. तुम्ही आजवर किती बचत गट उभे केले असतील? दोन तालुके म्हणजे शंभरावर असतील. दर महिन्याला दहा-बारा बाया गोल करून बसतात, पैशाचं पाच मिनिटांत आटपतं, उरलेला तास नवरा, सासू, कंबरदुखी. गटाचं खरं भांडवल तो तास आहे, हे तुम्ही स्वतः प्रशिक्षणात सांगितलं असणार. तुमचा गट कुठला?

तो करा. चौघीजणी किंवा चौघेजण पुरे, पाचच्या वर नको. सगळे संस्था चालवणारे हवेत, पण वेगळ्या जिल्ह्यातले आणि वेगळ्या देणगीदारांचे, म्हणजे कुणाच्या बोलण्याने कुणाचा प्रस्ताव अडणार नाही. त्यात एखादी शाळा चालवणारी, एखादा शेतकरी कंपनीचा अध्यक्ष असला तर उत्तमच. महिन्यातला एक ठरलेला वार, प्रत्यक्ष भेट. फोनवर हे जमत नाही, मी करून बघितलंय. मी ही रीत व्यसनमुक्तीच्या कामातून उचलली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा १९३५ पासून एकाच तत्त्वावर चालतात : समोरचा त्यातून गेलेला आहे आणि त्याला तुमच्याकडून काही नको आहे. महाराष्ट्रात गावोगावी त्या भरतात. तिथे रिटायर फौजदार आणि रिक्षावाला शेजारी बसतात आणि कुणी कुणाला सर म्हणत नाही. तुमच्या गटातही ताई-दादा दाराबाहेर ठेवायचं, नावाने हाक मारायची, जमलं तर अरे-तुरे. पहिला तास कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला सल्ला द्यायचीच सवय. आमच्या गटात सल्ला दिला की दहा रुपये दंड आहे आणि सर्वांत जास्त दंड मी भरलाय. इतिवृत्त लिहायचं नाही. फोटो काढायचा नाही. चुकवायचं नाही, चुकवलं की बाकीच्यांपैकी एकाने त्याच रात्री फोन करायचा.

गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांना ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी तो झाकून ठेवला नाही, सविस्तर लिहिला, आणि किती अनोळखी माणसांनी त्यात स्वतःला बघितलं. एवढं जाहीर बोलायची गरज सगळ्यांना नसते. चार माणसांपुढे पुरतं.

पहिल्या बैठकीला कुणाच्याही संस्थेत जमू नका. एखाद्या देवळाची ओसरी, कुणाचं शेतातलं घर चालेल. आणि डबा ज्याचा त्याने आणायचा. एकीने सगळ्यांचा स्वयंपाक केला की त्या दिवसापुरती ती पुन्हा संस्थाप्रमुख होते, आणि जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता तिचं बोलायचं राहून जातं.